व्हायोलातली काडी

लांदू खोटं बोलला तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात, आणि बोलला तेही थोरल्या बहिणीशी. खोटं लहानसंच होतं, एका रविवारापुरतं. पण सप्टेंबर लागला तरी ते संपायचं नाव घेईना, आणि दर आठवड्याला त्याला नवी थाप जोडावी लागत होती.

बहीण न्झूझी, आणि तिच्या जोडीने जन्मलेला भाऊ न्सिंबा. त्यांच्याकडे रीतच अशी, जुळ्यांत जो आधी बाहेर येतो तो न्सिंबा, मागून येते ती न्झूझी, आणि त्यांच्या पाठीवर जे मूल होतं त्याचं नाव लांदू. नावं ठेवण्यात आईबापांना डोकं चालवावं लागतच नाही. आईने लांदूला लहानपणापासून एकच काम शिकवलेलं: जुळ्यांची वाटणी सारखी होतेय का ते बघायचं. एकाला शेंगदाणे दिले की दुसऱ्याला तेवढेच. एकाला धपाटा, तर दुसऱ्यालाही धपाटा. वाटेत एकाशी बोललं आणि दुसऱ्याला विसरलं तर परत फिरून बोलायचं. जुळी रुसली की घराचं काही खरं नसतं, असं आई म्हणायची. लांदू त्रेचाळीस वर्षांचा झाला तरी हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं, आणि नेमक्या त्यालाच ही बुद्धी सुचली.

तिघंही चर्चच्या वाद्यवृंदात शिकलेली. लांदू पहिलं व्हायोलिन वाजवायचा, न्सिंबा चेलो, आणि न्झूझी व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचं थोडं मोठ्या अंगाचं, जाड आवाजाचं भावंड. चौथे प्लासिद मास्तर, दुसऱ्या व्हायोलिनवर. त्यांच्या शाळेतली पोरं त्यांना घाबरायची आणि ते न्झूझीला घाबरायचे. चर्चच्या हॉलमध्ये ऐकायला येणारी माणसं तीच ती चाळीस, त्यातली दहा झोपणारी. तेव्हा लांदूनेच डोकं लढवलं की माणसं येत नसतील तर आपण जाऊ. न्सिंबाचं गॅरेज होतं. बिअरचे क्रेट वाहून म्हातारा झालेला एक ट्रक त्याने हाताखाली घेतला, एका बाजूची भिंत कापून तिला बिजागऱ्या लावल्या, आणि ती खाली पाडली की रंगमंच तयार. चाकांखाली दगड लावून, जॅकने उचलून तो सपाट करायचा, नाहीतर चेलो घरंगळत गटारात. पानं वाऱ्याने उडू नयेत म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे. किन्शासात जून ते सप्टेंबर पाऊस नसतो. दर रविवारी प्रार्थना आटोपली की ट्रक एकेका वस्तीत जाई, मास्तर आधी जाऊन बारवाल्याला अर्धा तास त्याचे भोंगे बंद ठेवायला विनवीत, आणि मग तळलेली मासळी हातात घेऊन उभी असलेली माणसं चार वाद्यांचं ऐकत. हॉलमधल्यांपेक्षा पुष्कळ चांगलं ऐकत, हे कबूल केलं पाहिजे.

पण हॉलमध्ये भिंती होत्या. भिंती आवाज परत देतात, रस्ता देत नाही. दोन वर्षांपूर्वी न्झूझीला ताप आला, क्विनाईनच्या बाटल्या चढवल्या, ताप गेला आणि जाताना उजवा कान घेऊन गेला. ती याबद्दल कधी बोलली नाही. हॉलमध्ये निभावलं. ट्रकवर मात्र गाड्यांच्या गोंगाटात तिला न्सिंबाचा चेलो ऐकू येईना आणि ती अर्धा ठेका मागे पडू लागली. मास्तर मूग गिळून बसले. न्सिंबा तर जुळ्याचा जुळा, त्याला ती चुकतेय हे मान्यच नव्हतं. लांदू एकटाच दर रविवारी गज आवळून तिला पुढे खेचू बघे.

अशात नदीपलीकडून, ब्राझाव्हिलहून पत्र आलं. तिथे ऑक्टोबरात रस्त्यावरच्या संगीताचा उत्सव होता. त्यांचा माणूस जुलैच्या पहिल्या रविवारी येऊन ऐकणार होता, आवडलं तर ट्रकसकट चौघांना फेरीबोटीतून नेणार होता. लांदूने ते पत्र वाचलं आणि त्याला पहिला विचार काय आला असेल, तर न्झूझीचा. आनंदाचा नव्हे.

आता तिला तोंडावर सांगायचं होतं. तेवढंच करायचं होतं. पण जिने सात वर्षांच्या लांदूच्या खांद्यावर चर्चचं एकुलतं एक व्हायोलिन ठेवलं, स्वतःची पाळी त्याला दिली आणि बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं, तिला 'याया', म्हणजे ताई, अशी हाक मारून 'तू उठ' असं कोणत्या तोंडाने म्हणणार? त्याच्या जिभेला ते जमलं नाही. हातांना जमलं.

वाद्यं दुरुस्त करायचा धंदा त्याचाच. तार तुटली म्हणून न्झूझीने व्हायोला त्याच्या टपरीत आणून ठेवला होता. वाद्याच्या पोटात, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या खाली, देवदाराची करंगळीएवढी काडी उभी असते. डिंक नाही, खिळा नाही, नुसत्या तारांच्या दाबाने उभी. वरचा आवाज ती खाली पोचवते. ती नसेल तर वाद्य बोळ्याने तोंड बंद केल्यासारखं घुसमटतं. लांदूने तारा सैल केल्या, सायकलच्या स्पोकचा वाकवलेला आकडा छिद्रातून आत घातला आणि काडी बाहेर काढली. बाहेर उन्हात शेजारीण कसावाची पानं निवडत बसली होती, तिला वाटलं हा काम करतोय. काडी त्याने आपल्या व्हायोलिनच्या पेटीत, गजाला लावायच्या राळेच्या डबीत ठेवली.

न्झूझी आल्यावर त्याने सांगितलं की आत पाठीला तडा गेलाय, काडी उभी केली तर वाढेल, म्हणून काढून ठेवलीय. आतून जोड द्यावा लागेल. त्याला इथलं लाकूड चालणार नाही, युरोपातलं जुनं, मुरलेलं हवं. ही युरोपाची पुस्ती त्याने का जोडली हे त्यालाही कळलं नाही, पण या शहरात तेवढं म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

"बरं झालं बाबा तुझ्या नजरेला पडलं," न्झूझी म्हणाली. "नाहीतर भर रस्त्यात फुटला असता आणि तुमचीही शोभा झाली असती."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आभार मानले. लांदूला तो हात दोन महिने खांद्यावर जाणवत होता.

तिच्या जागी प्लामेदी नावाचा कलाशाळेतला बावीस वर्षांचा मुलगा आला. बोटं स्वच्छ, ठेका घड्याळासारखा, आणि बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नाही. ब्राझाव्हिलचा माणूस खूश होऊन गेला. चौघांची नावं सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लिहून पाठवा म्हणाला. लांदूने कागदावर तीन नावं लिहिली, चौथ्या ओळीवर त्याचा हात अडला आणि कागद तसाच खिशात गेला. प्लामेदीचं नाव लिहिलं की आठवड्याचं खोटं कायमचं होणार होतं.

न्झूझी घरी बसली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती कसली बसते. दर रविवारी ती हजर. मुका व्हायोला पेटीसकट पाठीला फडक्याने बांधून आणायची, तान्ह्या पोरासारखा. न्सिंबा चिडवायचा की अगं, त्याला दूध तरी पाज. त्यावर ती म्हणायची, घरी एकटा ठेवला तर चोर नेतील, आणि इथे निदान ऐकेल तरी. मग खुर्च्या मांडायची, प्लामेदीच्या पानांना चिमटे लावायची, आणि मागच्या चाकाला टेकून, डावा कान ट्रककडे करून बसायची. वाजवून झालं की प्लामेदीच्या पाठीवर थाप मारून सांगायची की तिसरं पान छान गेलं. लांदू वाजवताना तिच्याकडे बघायचं टाळायचा आणि नेमका बघायचा. एकदा मास्तरांनी विचारलं, चेहरा का असा उतरलेला? पोट बिघडलंय, त्याने सांगितलं. दुसरं खोटं पहिल्याइतकं जड जात नाही, हा त्याला त्या मोसमात लागलेला शोध.

तिसऱ्या आठवड्यानंतर न्झूझीने 'लाकूड आलं का' असं विचारणं सोडलं. लांदूला हायसं वाटलं. त्याला कुठे ठाऊक होतं की तिने ते काम स्वतःच्या अंगावर घेतलंय. ती सकाळी कोपऱ्यावर मिकाते तळायची. त्या गोड भज्यांची एक जुनी गिऱ्हाईक बाई होती, तिचा मुलगा ब्रुसेल्सला सुतारांच्या हाताखाली. सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी न्झूझी टपरीत आली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं तिने लांदूपुढे ठेवलं. आत विटेएवढं लाकूड होतं, फिकट, सरळ रेषांचं, खरोखरच जुनं.

"ऐंशी वर्षांचं आहे म्हणे," ती म्हणाली. "कुणाच्या तरी जिन्यातलं. हे चालेल ना?"

चालेल, लांदू म्हणाला. सोमवारी बसतो म्हणाला. पुडक्याला ओल लागू नये म्हणून तुझ्या पेटीतच ठेव, असंही म्हणाला, कारण ते डोळ्यांपुढे टपरीत राहिलं असतं तर त्याला तिथे बसवलं नसतं. मिळवलं कसं, हे त्याने विचारलं नाही. विचारायची भीतीच वाटली.

रविवारी न्सिंबाने ट्रक न्गिरी-न्गिरीकडे वळवला. त्यांच्या जन्माची गल्ली, आईचं घर. सगळा मोसम लांदू काही ना काही सबब सांगून ही गल्ली टाळत आला होता. न्सिंबाने या वेळी त्याला विचारलंच नाही. आईच्या दारात वाजवायचं नसेल तर ट्रक कशाला घेतला, एवढंच म्हणाला.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांनी सोडलेली, पण गल्लीत तिचा मान पोलिसपाटलासारखा. जुळ्यांची आई म्हणून सगळे तिला आधी वाट देत. दारात खुर्ची टाकून ती बसली होती. बायका जमल्या, पोरं झाडावर चढली. मास्तरांनी जुळ्यांचं गाणं चौघांसाठी बसवलं होतं, बारशाला बायका जुळ्यांच्या आईबापांची यथेच्छ टर उडवत गातात ते. ट्रकची भिंत खाली आली. वर लांदू, मास्तर, प्लामेदी आणि न्सिंबा. न्झूझी खाली, चिमटे ओच्यात.

पहिल्या ओळीला बायकांनी टाळ्या धरल्या आणि दुसऱ्या ओळीला त्या एकेक करून थांबल्या. आईने हात वर केला होता.

"न्सिंबा वर आहे," आई म्हणाली. "न्झूझी कुठाय?"

न्झूझीने खालून हात हलवला. आई, मी इथे आहे, व्हायोला आजारी आहे, तिने सांगितलं.

आईची नजर तिच्यावरून न्सिंबावर गेली आणि परत आली. चाळिशीला दोघांसाठी आईने एकाच ताग्याचं कापड घेतलं होतं, निळ्यावर पिवळे मासे. त्याचा न्सिंबाने सदरा शिवला होता आणि न्झूझी ते कमरेला नेसायची. या गल्लीत येताना दोघं तेच घालून यायची, नेहमी. आज न्सिंबाच्या अंगावर मासे होते आणि न्झूझीच्या कमरेला कसलं तरी विटकं तपकिरी.

"तुझे मासे कुठे गेले?"

"दिले," न्झूझी हळू बोलली. पण गल्ली गप्प होती, सगळ्यांना ऐकू गेलं. "लाकडासाठी. त्या बाईला तेच हवं होतं. व्हायोला बरा होईल आता, लांदू सोमवारी बसणार आहे."

लांदूच्या हातातला गज खाली गेला. आईने मान फिरवली आणि ती घराच्या दाराकडे बघत बसली. रागावली असती तरी परवडलं असतं. जुळ्यांतल्या एकाचंच ऐकायचं नाही, हे बायकांनाही कळत होतं. त्या टाळीचे हात तसेच धरून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात प्लामेदी उठला. चांगल्या घरचं पोर. त्याने आपला व्हायोला पुढे केला. "याया, माझा घ्या ना. मी खाली थांबतो."

इथे लांदू सुटला असता. न्झूझीने तो घेतला असता, एक गाणं झालं असतं, आई हसली असती, आणि सोमवारी त्याने काडी उभी करून 'जोड दिला' म्हणून सांगितलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. त्याने हे सगळं त्या एका क्षणात डोळ्यांपुढे मांडून पाहिलंही. पण न्झूझीने मान हलवली. दुसऱ्याच्या वाद्यावर आईला काय ऐकवू, म्हणाली. आई, थोडे दिवस थांब, लांदू करतोय, तो मेहनत घेतोय माझ्यासाठी.

शेवटचे शब्द त्याला सहन झाले नाहीत. तो ट्रकवरून खाली उतरला आणि हात पुढे करून म्हणाला, "आण पेटी इकडे."

न्झूझीला वाटलं त्याला लाकूड बघायचंय. तिने पेटी उघडून पुडकं आधी काढलं आणि ते छातीशी धरून उभी राहिली. लांदूने व्हायोला ट्रकच्या काठावर ठेवला, तारा जराशा सैल केल्या. स्वतःच्या पेटीतून राळेची डबी आणि तो वाकवलेला स्पोक काढला. डबीतून काडी काढली, स्पोकच्या टोकाला टोचली आणि छिद्रातून आत घातली. पहिल्यांदा ती निसटली. दुसऱ्यांदा उभी राहिली. आकड्याने दोन बारीक टिचक्या मारून त्याने ती जागेवर सरकवली, खुंट्या पिळल्या, घोडी सरळ केली. वरून न्सिंबा बघत होता. मास्तर बघत होते. गल्लीतल्या बायकांचं एक गाणंही गाऊन झालं नसतं एवढ्या वेळात सगळं झालं.

"आणि लाकूड?" न्झूझीने पुडकं पुढे केलं.

"लागत नाही."

"पण तडा..."

"तडा नाही, याया," लांदू म्हणाला. "कधीच नव्हता."

न्झूझीने व्हायोला उचलला, उजव्या कानापाशी नेला, चूक ध्यानात आल्यावर डाव्या कानापाशी नेला आणि अंगठ्याने तार छेडली. स्वच्छ, भरलेला आवाज आला. न्सिंबाने वरून लांदूला एक शिवी दिली, आईसमोर द्यायची नाही अशी. न्झूझीने त्याला नजरेनेच गप्प केलं. पुडकं तिने पेटीत ठेवलं, ओच्यातले चिमटे लांदूच्या हातात दिले आणि प्लामेदीच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली.

आईने मान परत ट्रककडे वळवली.

लांदूने चिमटे लावले, बहिणीच्या पानांना, एकेक. मग आपल्या जागी बसून त्याने सुरुवात दिली. चौथ्या ओळीला न्झूझी अर्धा ठेका मागे पडली, नेहमीसारखीच. एरवी त्याने गज आवळून तिला पुढे खेचलं असतं. आज तो थांबला. तिच्यासाठी मागे सरला, तिचा आवाज येईपर्यंत वाट पाहिली आणि मग तिच्याबरोबर चालला. मास्तर गोंधळले, मग त्यांनीही पाय आवरला, आणि न्सिंबा तर आधीच तिच्या सोबत होता. गाणं इतकं संथ कधीच वाजलं नव्हतं. बायकांनी पावलं त्या चालीवर आणली आणि आईच्या नावाने ठेवणीतली टिंगल गायला लागल्या. आई पदर तोंडाला लावून हसत होती. लांदूला रडू आलं आणि त्याने ते पुसलं नाही, कारण दोन्ही हात गुंतले होते.

संपल्यावर माणसं पांगेपर्यंत न्झूझी खुर्चीतच बसून राहिली. मग लांदू जवळ आला तेव्हा ती त्याच्याकडे न बघता बोलली.

"माझा उजवा कान गेलाय. मला माहीत नाही असं वाटलं तुला?"

लांदू तिच्या पानांचे चिमटे काढू लागला.

"मी मागे पडते, तेही माहीत होतं. तू कधी बोलशील याची वाट बघत होते. तू बोलला असतास तर मी तुझ्यासमोर उठून प्लामेदीला बसवलं असतं. तो पोरगा माझ्यापेक्षा चांगला वाजवतो." तिने गजाचे केस सैल केले. "मग तडा गेला म्हणालास. मला वाटलं, चला, मागे पडते ते कानामुळे नाही, व्हायोलाच दुखावलाय. दोन महिने मी खूश होते रे."

लांदूने खिशातून ब्राझाव्हिलचा कागद काढून तिच्यापुढे धरला. तीन नावं, चौथी ओळ रिकामी. काय लिहू, त्याने विचारलं. त्याला वाटलं होतं, हे विचारण्याने तरी काहीतरी फिटेल.

"त्याचं नाव लिही," न्झूझी म्हणाली. "आणि आईला तू जाऊन सांग. मी सांगणार नाही, न्सिंबालाही सांगू देणार नाही."

तिने पेटीतलं पुडकं काढून त्याच्या हातात कोंबलं. "आणि हे ठेव. पुढे कधी कुणाचं खरोखर तडकलं तर कामाला येईल."

आईने दारातून हाक मारली. तिच्या मांडीवर शेंगदाण्यांच्या दोन सुरळ्या होत्या, सारख्या बांधलेल्या, आणि लांदू जवळ जाताच तिने त्या दोन्ही त्याच्या रिकाम्या हातात दिल्या. दोघांना सारखं दे, म्हणाली, तुला काय सांगायला हवं. लांदू तिच्या खुर्चीपाशी खाली जमिनीवर बसला. एका हातात लाकूड होतं, एका हातात शेंगदाणे.

"आई," तो म्हणाला, "आधी माझं ऐकून घे. मग ही वाटणी माझ्या हातात ठेवायची का, ते तूच ठरव."